जालना ते राजूर: वाहने व त्यांचे स्वभाव

जालन्याहून भोकरदनकडे निघाले की सुमारे २५ किलोमीटरवर राजूरच्या गणपतीचे देवस्थान लागते. तिकडे जाणारी वाहने स्वभावानुसार चार प्रकारची असतात.

पहिली एसटी. १ जून १९४८ रोजी पुणे-अहमदनगर धावलेल्या पहिल्या गाडीचा हा वंश. इथे जागा खिडकीतून धरतात. रुमालापेक्षा टोपी व टोपीपेक्षा लेकरू श्रेष्ठ मानले जाते. मार्च २०२३ पासून बायकांना अर्धे तिकीट आहे. एकाच बाकावर नवरा पूर्ण व बायको अर्धी असते. घरात हे प्रमाण नेमके उलट.

दुसरी काळी-पिवळी जीप. एसटीने वेळ झाली की सुटावे असा नियम आहे. जीप भरली की सुटते आणि भरली कधी, हे चालक ठरवतो. ‘सरका थोडं’ म्हटले की बाकावरचे तिघे आपोआप पातळ होतात व चौथा बसतो. चालकाच्या उजव्या हातालाही एक प्रवासी असतो, त्यामुळे गाडी नेमकी कोण चालवतो हे समोरून येणाऱ्याला उमगत नाही. एसटीला हात दाखवावा लागतो; जीप मात्र डोके खाजवणाऱ्यासाठीही थांबते. ऑक्टोबर २०२१ ते एप्रिल २०२२ एसटीचा संप चालला, तेव्हा या जातीला बरकत आली.

तिसरी मोटारसायकल. जीपमध्ये ज्यांना घडी घालून बसता येईना, त्यांनी ती हप्त्यावर घेतली. प्रवासी घटले की एसटीची फेरी तोट्यात जाते, तोट्यातली फेरी बंद होते आणि फेरी बंद म्हणून शेजारीही हप्ता काढतो.

चौथी चारचाकी. आत माणूस एक, हॉर्न पन्नासांचा. जालन्यावरून जाणाऱ्या ७०१ किलोमीटरच्या समृद्धी महामार्गावर दुचाकी व ट्रॅक्टरला मज्जाव असल्याने तिचा रुबाब वाढला आहे. नागपूर तिला जवळ वाटते.

राजूर मात्र अंगारकीला लांब पडते. त्या दिवशी चारही प्रकार एकाच रांगेत उभे राहतात. चारचाकीवाला काच खाली करून ‘पुढं काय झालं?’ विचारतो. उत्तर देतो तो जालन्याहून रात्रभर पायी आलेला भाविक, तेही न थांबता.