नुसता पडलो होतो

दुपारी जेवून आडवा झालेला मराठी पुरुष कधीच झोपलेला नसतो. तो ‘नुसता पडलेला’ असतो, ‘डोळे मिटून विचार करत’ असतो, फार तर त्याने ‘जरा पाठ टेकलेली’ असते. घोरणं शेजारच्या बिऱ्हाडात ऐकू गेलं तरी हा दावा मागे घेतला जात नाही. लेखकांना तर यात खास सवलत आहे. आमच्या धंद्यात उताणं पडणं हे चिंतन समजलं जातं, आणि ते तसंच समजलं जावं म्हणून मी छातीवर एक पुस्तक पालथं घालायची दक्षता घेतो. पुस्तक जितकं जाड, तितकं चिंतन गाढ. माझं म्हणणं एवढंच, की दुपारच्या झोपेची बदनामी झोपेने केलेली नाही, या नाकबुलीने केली आहे. झोपणार असं जो उघड सांगतो, तो गजर लावतो. जो नुसता पडला आहे, त्याने गजर कशासाठी लावायचा? उलट तो पुरावाच ठरायचा. मग हा गृहस्थ साडेपाचला गालावर उशीच्या अभ्र्याची नक्षी घेऊन उठतो, सकाळ आहे की संध्याकाळ ते त्याला उमगत नाही, आणि त्याचा राग तो घरावर काढतो.

डुलकीचं सगळं शास्त्र या गजराभोवतीच फिरतं. ऑस्ट्रेलियातल्या फ्लिंडर्स विद्यापीठातल्या संशोधकांनी ५, १०, २० आणि ३० मिनिटांच्या झोपा ताडून पाहिल्या. २००६ साली निष्कर्ष छापले. सरस ठरली ती १० मिनिटांची. उठल्या उठल्या तरतरी, आणि ती दोनेक तास टिकणारी. ३० मिनिटंवाले मात्र उठल्यावर काही काळ जड डोक्याने बसून होते, कारण अर्ध्या तासाच्या सुमाराला माणूस गाढ झोपेत उतरतो आणि तिथून त्याला ओढून काढणं मेंदूला मानवत नाही. ‘नासा’ने लांब पल्ल्याच्या विमानांतल्या वैमानिकांना आळीपाळीने ४० मिनिटांची सवड देऊन पाहिली, तेव्हा ते सरासरी २६ मिनिटं झोपले आणि विमान उतरवताना न झोपलेल्यांपेक्षा जास्त सावध राहिले. ‘हा सगळा पुरणपोळीचा प्रताप’ असा आक्षेप येईल. पण दुपारची ती सुस्ती उपाशी माणसालाही येते; शरीराच्या घड्याळातच ती आहे. रात्री झोप येत नाही अशी ज्यांची तक्रार आहे, त्यांनी दुपारी झोपू नये हे मात्र खरं. त्यांच्यासाठी हा लेख नाही.

खरा दणकट आक्षेप आयुर्वेदाचा. ‘दिवसा झोपू नये, कफ वाढतो’ असं ज्यांनी चरकसंहिता उघडलेली नाही तेही ठणकावून सांगतात. मी ती उघडली, अर्थात स्वार्थापोटी. सूत्रस्थानाच्या एकविसाव्या अध्यायात उन्हाळ्यात दिवसा झोपायला मोकळीक आहे, आणि एरवीच्या ऋतूंसाठी सवलतींची जी यादी आहे ती वाचून डोळे भरून येतात. गाऊन दमलेले, अभ्यासाने दमलेले, मद्याने दमलेले, ओझं वाहून आणि चालून दमलेले, म्हातारे, मुलं, अजीर्ण झालेले, उचकी लागलेले, रागाने, शोकाने आणि भीतीने गळून गेलेले. आणि शेवटी, ज्यांना दिवसा झोपायची सवयच आहे असे! इतका समंजस नियम दुसऱ्या कुठल्या शास्त्रात सापडणार नाही. लठ्ठांनी आणि रोज तूप-तेल खाणाऱ्यांनी दिवसा कधीच झोपू नये, हा पुढचा मजकूर मी भराभर वाचतो. त्याच अध्यायात बसल्या बसल्या घेतलेली डुलकी रूक्षही नाही आणि कफकारकही नाही असा निर्वाळा आहे. म्हणजे आरामखुर्चीला साक्षात चरकांचा दाखला मिळाला. आता पुस्तकाची गरज नाही.

पण यादीतल्या त्या ओझं वाहणाऱ्यापाशी मी अडतो. बंगळुरूच्या एका गादी कंपनीने २०२२ साली कर्मचाऱ्यांना दुपारी अर्धा तास झोपेची सुट्टी जाहीर केली, तिचं कौतुक झालं. गोव्यात राजकीय नेते विजय सरदेसाईंनी मुख्यमंत्री झाल्यास दुपारी दोन ते चार झोप सक्तीची करू म्हटलं, त्यावर लोक खुशीत हसले. रात्रपाळी करून दिवसाही उभा असलेला सोसायटीचा वॉचमन खुर्चीत पेंगला, की त्याचा मात्र फोटो निघतो, आणि तो काढणारा बहुधा नुकताच ‘नुसता पडून’ उठलेला असतो. घरात याहून वेगळं काही नाही. सगळ्यांना वाढून जी शेवटी जेवते, तिचा ओटा आवरेपर्यंत तीन वाजतात, आणि ती टेकणार तोच चिंतन संपवून कुणीतरी चहा मागतं. तिच्या झोपेला ना संशोधन लागतं ना चरक; वीस मिनिटं लागतात, आणि तीही आपण खाल्लेली असतात.

तेव्हा वाचकहो, उद्या खुशाल झोपा, झोपतोय असं सांगून झोपा, गजर लावा. उठल्यावर चहा तुम्ही टाका, आणि आलं कुठे ठेवलंय हे विचारायला तिला उठवू नका.