पूर्वेचं पारडं

वाटणी करणाऱ्याला गाव कधी चांगलं म्हणत नाही. विहीर थोरल्याकडे गेली की धाकटा रुसतो, आंबा धाकट्याकडे गेला की थोरल्याच्या घरून दिवाळीचा फराळ यायचा थांबतो. जुन्या लोकांनी यावर एक तोड काढली होती: वाटे एकाने पाडायचे आणि उचलायचे दुसऱ्याने. अमेरिकेतल्या कॉलेज फुटबॉलच्या कारभाऱ्यांना ही तोड कोणी सांगितली नसावी. तीसेक वर्षं ते आपापल्या कॉन्फरन्सचे दोन सारखे वाटे पाडू पाहत होते, आणि पारडं दर वेळी कुठेतरी कलत होतं.

फुटबॉल म्हणजे तिकडचा. त्यातला चेंडू लंबगोल असतो आणि पायाला क्वचितच लागतो. कॉन्फरन्स म्हणजे एकमेकांत खेळणाऱ्या विद्यापीठांचा जथा. नियम असा होता की बारा संघ असले आणि त्यांचे दोन गट पाडले, तर दोन गटविजेत्यांमध्ये अजिंक्यपदाचा एक जादा सामना भरवायची मुभा. बड्या कॉन्फरन्सांपैकी एसईसीने १९९२ मध्ये तो पहिल्यांदा भरवला, आणि तिकिटांचा नि टीव्हीचा पैसा बघून बाकीच्यांनाही गटांची गरज पटली. पण असा सामना रंगायचा तर दोन्ही बाजू तुल्यबळ हव्यात. म्हणजे वाटे सारखे हवेत. खरं दुखणं इथून सुरू होतं.

बिग टेनचंच घ्या. या मंडळींचं अंकगणिताशी जुनं वैर आहे. अकरा संघ असतानाही नाव ‘टेन’च राहिलं, फक्त बोधचिन्हात ११ चा आकडा चोरून बसवला. २०११ मध्ये नेब्रास्का आल्यावर संघ बारा झाले. त्याच सुमारास ‘बिग ट्वेल्व्ह’मध्ये दहा उरले होते, पण पाट्या बदलून घ्याव्यात असं कोणाला सुचलं नाही. तर या बारांचे गट पाडताना समतोल हाच पहिला निकष ठरला. ओहायो स्टेट, मिशिगन, पेन स्टेट आणि नेब्रास्का हे चार बडे, म्हणून दोन इकडे, दोन तिकडे. गटांची नावं ‘लीजंड्स’ आणि ‘लीडर्स’. कोणता संघ कोणत्या गटात हे शेवटपर्यंत कोणाच्या लक्षात राहिलं नाही, आणि या नावांची जेवढी टर उडवली गेली तेवढी संघांच्या खेळाचीही कधी उडवली गेली नसेल.

हिशेब मात्र चोख होता. २०१२ मध्ये लीडर्स गटात ओहायो स्टेटने बाराच्या बारा सामने जिंकले, पण त्या संघावर शिक्षा म्हणून अंतिम सामन्याची बंदी. दुसऱ्या क्रमांकावरच्या पेन स्टेटवरही बंदी. मग तिसरं विस्कॉन्सिन, बारापैकी पाच सामने हरलेलं, ओशाळं तोंड करून इंडियानापोलिसला अंतिम सामन्याला गेलं. समोर दहा सामने जिंकलेलं नेब्रास्का. विस्कॉन्सिनने ७०-३१ असं त्याला धुऊन काढलं. असं काही घडलं की वाटप समितीतल्या माणसांनी त्या रात्री कसं जेवण केलं असेल याचीच मला जास्त उत्सुकता वाटते.

२०१४ मध्ये मेरीलँड आणि रटगर्स आले, तेव्हा कारभाऱ्यांनी हिशेबाचा नाद सोडून नकाशा उघडला. पूर्व आणि पश्चिम. सरळ, समजायला सोपं. फक्त ओहायो स्टेट, मिशिगन आणि पेन स्टेट, म्हणजे लाखावर प्रेक्षक बसतील अशी तिन्ही मैदानं, पूर्वेत गेली. त्यानंतर २०२३ पर्यंत दहा अंतिम सामने झाले आणि दहाही पूर्वेने जिंकले. पहिला ५९-० असा, शेवटचा २६-० असा. मध्ये एखाददुसरा चुरशीचा झाला, तो मिशिगन स्टेटने आयोवावर १६-१३ ने मिळवलेला.

आमचा एक भाचा पर्ड्यूला शिकत होता. २०२२ मध्ये त्याचा संघ चार सामने हरूनही पश्चिमेचा विजेता ठरला आणि अपराजित मिशिगनसमोर उभा राहिला. आपल्याकडे रविवारची सकाळ, साडेसहाची वेळ. मी फोनवर म्हटलं, “काय रे, जिंकाल का?” तो म्हणाला, “मामा, इथवर आलो हेच पश्चिमेत असल्याचं पुण्य. पूर्वेत असतो तर आज अभ्यास करत बसलो असतो.” हरले, ४३-२२ असे. त्याचा आवाज तरीही सणासुदीचा होता.

मला त्या पश्चिम गटाबद्दल तेव्हापासून जिव्हाळा आहे. आयोवासारखा संघ दुसरीकडे कुठे टिकला असता? २०२३ मध्ये सामन्यागणिक सर्वांत कमी यार्ड पुढे सरकणारा देशातला बडा संघ हाच, आणि तरीही तो दहा सामने जिंकून अंतिम सामन्याला आला. चढाई अडली की चेंडू लांब लाथाडून प्रतिस्पर्ध्याला देऊन टाकतात, त्याला पंट म्हणतात. इतरांना ती नामुष्की वाटते. आयोवाच्या लोकांनी ते काम करणाऱ्या टोरी टेलर या ऑस्ट्रेलियन गड्यालाच डोक्यावर घेतलं, आणि देशातल्या उत्तम पंटरचं बक्षीसही त्यालाच मिळालं. शिवाय आयोवा आणि मिनेसोटा १९३५ पासून एका ब्राँझच्या डुकरासाठी भांडतात. ज्यांच्याकडे असं डुक्कर आहे त्यांना राष्ट्रीय विजेतेपद मिळालं नाही तरी हिवाळा काढता येतो.

पश्चिमेची ही रड, तर एसीसी या दुसऱ्या कॉन्फरन्समध्ये गंमत उलटी. तिथे २००५ मध्ये गट पाडले ते मायामी आणि फ्लोरिडा स्टेट या दोन दादांना वेगळं ठेवायला. डिसेंबरात दोघं अंतिम सामन्यात भिडतील, देश बघेल. २०२० चा अपवाद सोडला तर सतरा हंगाम गट होते, त्यात दोघं एकदाही अंतिम सामन्यात भेटले नाहीत. मायामीच्या कोस्टल गटात २०१३ ते २०१९ या सात वर्षांत सात वेगवेगळे विजेते झाले, आणि गटात संघही सातच. म्हणजे प्रत्येकाची पाळी एकेकदा लागली. ठरवून पाळ्या लावल्या असत्या तर कोणीतरी नक्की कोर्टात गेलं असतं. समुद्रापासून दूर डोंगरनद्यांत बसलेलं पिट्सबर्ग ‘कोस्टल’ आणि केंटकीतलं लुईव्हिल ‘अटलांटिक’ का, हे विचारायची सोय नाही. एसईसीने तर मिझुरीला पूर्व गटात घातलं होतं. पश्चिम गटातलं अलाबामा त्याच्या बरंच पूर्वेला. मिझुरीने निमूटपणे २०१३ आणि २०१४ मध्ये पूर्वेचं विजेतेपद जिंकलं.

वाटे पाडणारे कालची ताकद मोजतात. खेळ होतो तो उद्या. मायामीचा दबदबा २००५ मध्ये खरा होता, पण बळ काही सातबाऱ्यावर चढत नाही. प्रशिक्षक बदलतो, शाळेतली उमदी पोरं दुसरीकडे वळतात, आणि बघता बघता दादाचा दादूमिया होतो. आता २०२२ पासून गटांची सक्ती उठली आहे. एसीसीने २०२३ मध्ये, बिग टेन आणि एसईसीने २०२४ मध्ये गट मोडीत काढले. बिग टेनमध्ये आता अठरा संघ आहेत, नावात अजून टेनच. सगळे एकाच रांगेत, वरचे दोघे अंतिम सामन्याला. आता तरी न्याय होईल, असं सगळे म्हणाले.

२०२५ मध्ये एसीसीत दुसऱ्या जागेसाठी पाच संघ बरोबरीत आले. नियमांच्या पोटनियमांतून वाट काढत संधी मिळाली ती ड्यूकला, ज्याने हंगामात पाच सामने गमावले होते. ड्यूकने व्हर्जिनियाला जादा वेळेत हरवून अजिंक्यपदही नेलं. त्याच बरोबरीत मागे राहिलेलं मायामी राष्ट्रीय स्पर्धेत थेट अंतिम सामन्यापर्यंत गेलं. तिथे त्याला हरवलं इंडियानाने. दहा वर्षं बिग टेनच्या पूर्व गटात बड्यांच्या हातून मार खाल्लेल्या आणि सगळ्यात जास्त सामने हरलेल्यांच्या यादीत वर्षानुवर्षे मानाने बसलेल्या इंडियानाने. कोणत्याही वाटपाच्या बैठकीत या संघाचं वजन कोणी धरलं असेल असं मला वाटत नाही.