चातुर्मासातला सूक्ष्मदर्शक

सूक्ष्मदर्शकाला सगळ्यात आधी लागतो उजेड, आणि पंचगंगा घाटावरच्या मंगला गौरीच्या गल्लीत नेमका तोच नसतो. वास्तविक सूर्यानं तप केलं ते इथंच. काशीखंडातली कथा अशी, की तपात त्याचं अंग दिसेना, नुसते किरण दिसत, म्हणून शंकरांनी त्याला मयूखादित्य म्हटलं. मंगला गौरीच्या देवळात तो आजही आहे. किरण मात्र उंच घरांच्या फटीतून खाली उतरायला राजी नाहीत.

म्हणून आत्याच्या नातवाचा आरशाचा सूक्ष्मदर्शक गच्चीवर न्यावा लागतो. न्यायची रीत ठरलेली : एक हात बाहूला, दुसरा पायाखाली. जिना धरायला तिसरा हात नाही आणि माकडं हाकलायला चौथा. डोळा लावायचं भिंग, म्हणजे नेत्रिका, नळीत नुसतीच सरकवलेली असते, हे बनारसच्या माकडांना आपल्याआधी कळतं.

आरसा ढगांकडे वळवायचा, सूर्याकडे कधीच नाही. थेट ऊन नळीतून आलं तर डोळा जायचा. अंग नको, नुसते किरण हवेत. मयूखादित्याला हे आधीच ठाऊक होतं.

आता बघायचं काय? पाठ्यपुस्तक म्हणतं, कांद्याचा पापुद्रा. श्रावणातला मंगळवार, घरात मंगळागौर, आत्या सोवळ्यात, आणि कांदा! रॉबर्ट हूकला ही अडचण नव्हती. त्यानं 1665 साली बुचाच्या कापाचं चित्र छापून पेशी जगाला दाखवल्या. बूच चातुर्मासात चालतं. पण घरात होती ती पूजेतून उरलेली दूर्वा. पातं ब्लेडनं खरवडून पापुद्रा काढला, काचपट्टीवर पाण्याच्या थेंबात ठेवला, वरची नाजूक काच तिरकी टेकवून हळूच आडवी केली. धपकन टाकली की बुडबुडे अडकतात. नवशिक्याला पहिल्यांदा जी गोल, काळ्या काठाची भव्य पेशी दिसते ती बुडबुडाच असतो. दुसरी असते ती स्वतःची पापणी.

सुरुवात लहान वस्तुभिंगानं. मोठा स्क्रू फिरवून नळी खाली आणायची ती बाजूनं बघत. डोळा लावल्यावर फक्त वर घ्यायची. घरच्या जावयांनी उलटं केलं. ‘कुछ दिख नहीं रहा,’ म्हणत खाली, आणखी खाली. कट्! जावई असल्यामुळे काचच तकलादू होती असं ठरलं.

काचपट्टी डावीकडे सरकवली की चित्र उजवीकडे पळतं. भल्याभल्यांचा इथं गोंधळ होतो, पण ज्याला घाटावर जायला आधी घाटाकडे पाठ करावी लागते, त्याचा होत नाही. दहाची नेत्रिका, चाळीसचं वस्तुभिंग, म्हणजे चारशेपट; बारीक स्क्रू जरासा हलवला आणि दूर्वेची पर्णरंध्रं उघडी पडली. त्यांच्या रक्षक पेशी डंबेलसारख्या असतात. आखाड्यांच्या गावाला साजेशा.

मग नातवानं गंगेचा थेंब आणला.

‘गंगामाईची तपासणी?’ आत्या म्हणाली. ‘आधी हात धुतलेस का?’

मी आत्याची बाजू घेतली. हँकिन नावाच्या इंग्रजानं आग्र्याला बसून 1896 साली लिहिलं होतं, की गंगा-यमुनेच्या पाण्यात पटकीचे जंतू काही तासांत मरतात, आणि पाणी उकळलं की तो गुण जातो. जंतू खाणाऱ्या विषाणूंचं हे काम असावं, असं पुढं मानलं गेलं. नातवानं ते विषाणू दाखवा म्हणून हट्ट धरला. पण उजेडाच्या सूक्ष्मदर्शकाची धाव 0.2 मायक्रॉनपर्यंत, हे त्याहून बारीक.

‘बघ,’ आत्या जिंकल्याच्या सुरात म्हणाली, आणि पदर सावरून नळीवर वाकली. पुराच्या गाळातून काहीतरी वळवळत गेलं.

‘अगं बाई, जिवंत आहे! अंघोळीला आलेलं दिसतंय. कोरडं पडायच्या आत नेऊन सोड बघू त्याला.’

नातू काचपट्टी तळहातावर धरून निघाला. श्रावणात गंगा इतकी वर आलेली असते, की फार पायऱ्या उतराव्या लागत नाहीत.