कबुतरं धरणारा मासा

अहो, ऐकलंत का? या जरा कठड्याशी, मोठ्यानं बोलायची सोय नाही. सासूबाई गच्चीत कबुतरांना ज्वारी टाकतायत, आणि विषय नेमका कबुतरांचाच!

काल आमच्या भावजींनी फोनवर व्हिडिओ दाखवला. फ्रान्समधलं आल्बी गाव, तिथली टार्न नदी. मधोमध खडीचं बेट, त्यावर कबुतरं अंघोळीला उतरलेली. आणि पाण्यातून हा माणसाएवढा... बरं, अगदी तेवढा नाही, तीन ते पाच फुटी मिशाळ मासा सुळकन काठावर! अर्धं अंग कोरड्यात, कबुतर तोंडात, आणि सरपटत परत पाण्यात. सासूबाईंचा चेहरा असा पडला म्हणता! "मेल्याला पाण्यात खायला मिळेना होय?" एवढंच म्हणाल्या. वरच्या मजल्यावरच्या वहिनी मात्र काय खुलल्या! त्यांच्या बाल्कनीची दशा तुम्हाला ठाऊकच आहे. म्हणे, "एखादा आपल्या गच्चीत सोडता येईल का हो?"

तर काय सांगत होते... हां, वेल्स कॅटफिश. तो तिथला मूळचा नव्हेच, 1983 मध्ये आणून सोडलेला. बाहेरून आला आणि घरच्यासारखा... जाऊ दे. 2011 साली शास्त्रज्ञ पुलावर उभे राहून मोजत बसले. झेपा 54, आणि कबुतर हाती लागलं शंभरात 28 वेळा. गंमत पुढेच आहे. गप्प बसलेल्या कबुतराला तो शिवत नाही, पाण्यात हालचाल करणारंच धरतो. मिशा ताठ करून पाण्यातली थरथर टिपतो म्हणे. यावर सासूबाई माझ्याकडे बघून काय म्हणाल्या असतील? "बघा, गप्प बसणारे वाचतात." रोख कळला ना?

भावजींना मग चेव चढला. दक्षिण आफ्रिकेत श्रोडा नावाचं धरण आहे, तिथला टायगरफिश उडत्या भिंगऱ्या हवेतच उडी मारून पकडतो. 2014 मध्ये छापून आलंय, दिवसाला वीसेक भिंगऱ्यांपर्यंत मजल! आमची धाकटी तर दोन घास ठेवून उठली.

तेवढ्यात मामंजी नाथमंदिरातून आले. ते पैठणचे, गोदावरीच्या कुशीत वाढलेले. चप्पल काढता काढता म्हणाले, "आमच्या मरळीचा कुणी व्हिडिओ काढला नाही ना, म्हणून." भावजींचा फोन तिथेच खाली!

अहो, मरळ म्हणजे काय साधी बाई आहे? पाणवनस्पतीत काठीसारखी निश्चल पडून राहते, बेडूक टप्प्यात आला की एकच झेप. म्हणून तर भोई गळाला जिवंत बेडूक लावतात. पाण्यातल्या हवेवर तिचं भागत नाही, श्वासाला वर यावंच लागतं, आणि जाणता माणूस ती जागा बरोबर हेरतो. पिलं मात्र लालसर, घोळक्यानं फिरणारी, आणि आईबाप दोघंही पहाऱ्याला. जवळ गेलात तर धडक देतात! "दोघंही" म्हणताना मामंजींनी भावजींकडे असं पाहिलं... त्यांचं बाळ तेव्हा जाऊबाईंच्या कडेवर रडत होतं. भावजी उठले, मुकाट्यानं बाळ घेतलं.

फ्रान्सवाल्याचं कौतुक असेल, पण माझा पहिला नंबर आपल्या मरळीलाच.