हिरकणीच्या घरी त्या रात्री

बाळाच्या दुधाच्या बाटलीची जाहिरात करायला आपल्या देशात १९९२ सालच्या कायद्यानं बंदी आहे. आमच्या नातीला हा कायदा कोणी वाचून दाखवलेला नाही, पण तिच्याकडची अंमलबजावणी कडक आहे. बाटली नुसती दिसली की ओठ मिटतात, मान भिंतीकडे वळते आणि जिभेनं निपल बाहेर ढकलताना तिच्या चेहऱ्यावर जो भाव येतो, तो मी पूर्वी एकदाच पाहिला होता : मैफलीत तंबोरा किंचित उतरलेला असताना पहिल्या रांगेतल्या एका वृद्ध गवयाच्या चेहऱ्यावर. तो राग नव्हता. आपल्याला एवढ्यावर फसवता येईल असं या मंडळींना वाटलंच कसं, याचा तो विषाद होता.

सूनबाईंची रजा संपत आली आहे. २०१७ पासून कायदा २६ आठवडे देतो, आणि डॉक्टर सांगतात की सहा महिने फक्त आईचंच दूध. सरकार आणि वैद्यक यांचं असं आठवड्यापर्यंत जुळलेलं एकमत पाहून भरून येतं. पण त्या २६ मधले काही आठवडे बाळंतपणाआधीच, पाय सुजवून बसण्यात जातात. तेवढा खड्डा बाटलीनं बुजवायचा, असं घरात ठरलं. बाळाला बैठकीला बोलावलेलं नव्हतं.

म्हणून हल्ली आमच्या फ्रिजमध्ये लोणच्याच्या बरणीशेजारी तारीख-वेळ लिहिलेल्या चिकटपट्ट्या लावून आईचं दूध बसलेलं असतं. कोमट पाण्याच्या भांड्यात ते हळूहळू उबवायचं (मायक्रोवेव्हचं नाव काढायचं नाही), मनगटाच्या आतल्या बाजूला थेंब टाकून पाहायचा, आणि भुकेनं आकांत व्हायच्या आत द्यायचं. देणारी व्यक्ती आई नसावी. इतकंच नव्हे, आई घरातसुद्धा नसावी, कारण बाळाला तिचा वास येतो. तेव्हा सूनबाई सोसायटीच्या बाकावर जाऊन बसतात आणि वर खिडकीकडे बघत राहतात. मुलाच्या सूचनेवरून तिची ओढणी माझ्या गळ्यात घातली जाते. नात ओढणीत नाक खुपसते, क्षणभर विरघळते, मग डोळे वर करून ओढणीच्या टोकाला कोण आहे ते पाहते. तिथे मिशा असतात. ‘‘अहो, बाटली आडवी धरा जरा, तिच्या बेतानं ओढू द्या,’’ ही मागून सांगते. ओढायला मुळात तोंड उघडावं लागतं, हे मी मनातल्या मनात म्हणतो.

आमच्या आईच्या ट्रंकेत एक चांदीचं बोंडलं होतं. त्याच्या चोचेवर कुणाच्या तरी पहिल्या दातांचे बारीक पोचे पडलेले होते आणि ते आपलेच, असा आम्हा सगळ्या भावंडांचा दावा होता. दूध त्यातून, गुटी त्यातून आणि एरंडेलही त्यातूनच. चोच ओठांना लागली की पुढे काय येणार हे नशिबावर. एवढा दगाफटका सोसूनही आम्ही प्यायलो. पण आमची आई तेव्हा घरातच होती, हे विसरून चालत नाही.

या धांदलीत मला हिरकणी आठवते. एसटी स्टँडवरच्या हिरकणी कक्षाच्या पाट्यांमुळे ती आता गावोगाव पोचली आहे. रायगडावर दूध घालायला गेलेली गवळण. सूर्यास्ताला दरवाजे बंद झाले, घरी तान्हं भुकेलं, म्हणून अंधारात कडा उतरून गेली आणि महाराजांनी तिथे बुरूज बांधला, असं सांगतात. लहानपणापासून मी ही गोष्ट कड्यावरून पाहत आलो. आता ती पायथ्याच्या झोपडीतून दिसते. घर गवळ्याचं. दुधाला काय तोटा? त्या रात्री कुणी म्हातारी वाटी घेऊन, कुणी बोळा भिजवून त्या पोराच्या मागे लागलीच असणार. कुणी खांद्यावर टाकून अंगणात फिरवलं असेल, चांदोबा दाखवला असेल. आणि त्या पोरानं, भोवती दुधाची भांडी असताना, ओठ मिटून घेतले असतील. बुरजाला आईचं नाव मिळालं, ते मिळायलाच हवं होतं. पण तिला कडा उतरायला लावणारी तालेवार व्यक्ती खाली दुपट्यात होती.

आमच्याकडे तह झाला तो गॅलरीत. पाठ माझ्या छातीला, तोंड रस्त्याकडे, अशी फिरवली तर ती रिक्षा मोजता मोजता थोडं पिते. पाजणारा दिसला नाही की तुलनेचा प्रश्न येत नाही. उरलेला हिशेब ती रात्री आईकडून पुरा वसूल करते. अशी बाळं असं करतातच, लंगोट भिजताहेत आणि वजन वाढतंय ना, मग झालं, असं डॉक्टरीणबाई म्हणाल्या. तुमच्या घरी ही आघाडी उघडणार असेल तर रजा संपायच्या दोन-तीन आठवडे आधीच सुरुवात करा, आणि बाटली नाहीच जमली तर सरळ वाटी-चमचा काढा. निम्मं दूध झबल्यावर जातं. झबली धुता येतात.