कुलूपशास्त्री

सायकल कुणीही घेतं. कुलूप कोणतं घ्यावं, हे मात्र कुलूपशास्त्र्यांनाच विचारावं लागतं. न विचारल्यास ते आपण होऊन सांगतात. निवृत्तीनंतर डॉक्टरांच्या सांगण्यावरून गियरची सायकल घेतलेले हे गृहस्थ पुण्यातल्या बहुतेक सोसायट्यांत आढळतात.

शेजारच्या मुलानं नवी सायकल आणली, की शास्त्रीबुवा आधी कुलूप मागतात. नंबरची केबल? चार आकड्यांचे दहा हजार जोड होतात खरे, पण "जन्मसाल ठेवलं असशील," म्हणत ते २००६ फिरवतात आणि कुलूप निमूटपणे उघडतं. "नसतं उघडलं तरी काय? कटरपुढे ही शेवईच!" मुलाचा चेहरा उतरतो, बुवांचा खुलतो. मागच्या चाकावर बसवलेलं जुनं कुलूपही त्यांच्या हिशेबी बाद. "त्यानं फक्त चाक अडतं. चोर काय सायकल चालवतच नेणार? उचलून टेंपोत टाकली की झालं!"

मग यू-लॉकचं आख्यान लागतं. क्रिप्टोनाइटची नळीसारख्या किल्लीची महागडी कुलपं बिक बॉलपेनच्या नळीनं उघडतात, हे २००४ साली अमेरिकेत जगजाहीर झालं आणि कंपनीला ती बदलून द्यावी लागली. ही हकीकत कळल्यापासून बुवा बँकेत पेन मागणाऱ्याला नीट न्याहाळून घेतात. ब्रिटनच्या 'सोल्ड सिक्युअर' या कुलपं तपासणाऱ्या संस्थेचे ब्राँझ, सिल्व्हर, गोल्ड, डायमंड हे दर्जे त्यांना नातवंडांच्या वाढदिवसांपेक्षा चोख पाठ.

ग्राइंडरपुढे बहुतेक कुलपं हात टेकतात, हेही ते मान्य करतात. "पण आवाज होतो ना! ठिणग्या उडतात!"

सायकल हलकी हवी म्हणून त्यांनी अ‍ॅल्युमिनियमची फ्रेम घेतली आणि वाचलेलं वजन दोन किलोंच्या कुलपात घातलं. आता हे कुलूप अडकवायचं कशाला? विजेच्या खांबाला यू-लॉकची कडी पुरत नाही. फ्रेम आणि चाक दोन्ही धरून पक्कं बांधायचं, तर गजच हवा. त्यामुळे बुवांचा सगळा व्यवहार गजांवर चालतो. बँक बदलली, न्हावी बदलला, दातांचे डॉक्टरसुद्धा बदलले.

"दर वेळी हीच निबर दोडकी का आणता?" बायकोनं परवा विचारलं.

"त्याच्याच गाळ्यासमोर रेलिंग आहे," बुवा म्हणाले.