स्थळ मोठ्या घरचं

आमचा संगणक २००८ सालचा. कोअर टू ड्युओ प्रोसेसर, दोन जीबी रॅम, फिरत्या तबकडीची हार्ड डिस्क आणि जुन्या मिक्सरसारखा ओरडणारा पंखा. अशा मशीनवर कोणती विंडोज टाकावी याचा लोक फार खल करतात. मला तो प्रश्नच वाटत नाही. सगळ्यात नवी टाकावी. वय झालं की पचायला हलकं द्यावं, हा न्याय माणसांसाठी ठीक आहे.

२००१ ची एक्सपी ६४ एमबी रॅममध्येही तग धरायची. एवढ्यात भागतं म्हटल्यावर घराणं काय असेल ते कळतंच. २००९ ची सेव्हन आली ती किमान एक जीबी मागत. विंडोज ११ मात्र चार जीबी रॅम, ६४ जीबी जागा आणि वर टीपीएम २.० नावाची चिप मागते. मागणी जितकी मोठी तितकं स्थळ चांगलं, हे आपल्याकडे कुणाला वेगळं सांगायला नको.

माझा भाचा लिनक्स मिंट सुचवत होता. फुकट मिळते, हुंडा नाही, मानपान नाही; पत्रं लिहायला आणि हिशेब मांडायला लिबरऑफिस सोबत घेऊनच येते. म्हणजे मुलगा स्वयंपाकही करतो! असं स्थळ अजून गळ्यात पडायला तयार आहे, म्हणजे कुठेतरी खोट असणारच. मग तो म्हणाला, "मामा, निदान एसएसडी तरी घाल." त्याने मशीन खरंच पळायला लागलं असतं, आणि मग नव्या विंडोजला श्रेय कशाचं द्यायचं?

आमच्या ओळखीचे एक डीटीपीवाले अजून एक्सपीवर आहेत. पेजमेकर, जुने मराठी फाँट, पाठीमागे प्रिंटरच्या पोर्टला लावलेला डोंगल. नेट जोडलेलंच नाही. एक्सपीचा सपोर्ट ८ एप्रिल २०१४ ला संपला, याची त्यांच्या मशीनला अजून खबर नाही. लग्नपत्रिका वेळेवर छापून होतात, व्हायरससुद्धा फिरकत नाही. काय ते एकाकी जिणं!

आमच्याकडे सेव्हन सुखाने नांदत होती. पण तिचा सपोर्ट जानेवारी २०२० ला गेला आणि २०२३ च्या सुरुवातीला क्रोमनेही तिच्याशी बोलणं टाकलं. मधल्या विंडोज १० चा विचार केला, तर तिची मुदत १४ ऑक्टोबर २०२५ ला संपलेली. जाणूनबुजून मुदत संपलेलं स्थळ कोण करील? लगेच विंडोज ११ चा पेनड्राइव्ह तयार केला. टीपीएमची आणि रॅमची चौकशीच होऊ नये अशी सोय करून देणारं एक साधन मिळतं. पत्रिका जुळत नसली की भटजींना हाताशी धरतात, तसंच. आधी २४एच२ ही आवृत्ती चढवली. तिला प्रोसेसरकडून पॉपसीएनटी नावाची एक सूचना लागते. कोअर टू ड्युओला ती येत नाही, त्यामुळे मशीन रात्रभर सुरू होत आणि बंद पडत राहिलं. शेवटी २३एच२ बसली. तिच्या घरगुती आवृत्तीची मुदत ११ नोव्हेंबर २०२५ ला संपली, म्हणजे विंडोज १० नंतर बरोबर अठ्ठावीस दिवसांनी. या अठ्ठावीस दिवसांचा मला रास्त अभिमान आहे.

शिवाय घराला शिस्त लागली. सकाळी बटण दाबतो, अंघोळ, पूजा आणि चहा उरकतो, तोवर पडद्यावर घड्याळ उमटतं. पेपर वाचून होतो तेव्हा बाण हलू लागतो. पूर्वी सेव्हनच्या काळात मशीन ताबडतोब उघडायचं आणि मग दिवसभर काम करावं लागायचं.

परवा भाचा आला होता. एवढा वेळ कशाने लागतो ते बघतो म्हणाला, आणि त्याने टास्क मॅनेजरवर क्लिक केलं. त्याला परतीची गाडी पकडायची होती, म्हणून तो निघाला. स्वारगेटहून त्याचा फोन आला तेव्हा खिडकी उघडली होती. डिस्क १०० टक्के, मी वाचून दाखवलं. तो काही बोलला नाही.